मुलगा पुण्यात, मुंग्या कोल्हापुरात

प्रश्न: शाहूपुरीतल्या एका वाचक भगिनीचं तीन पानी पत्र आलं आहे. वय शेहेचाळीस. यजमानांची मार्केट यार्डात गुळाची अडत, घरात सासूबाई, एकुलता एक मुलगा. २०१९ च्या महापुरात गल्लीच्या तोंडाशी पाणी आलं, तेव्हा त्या पाण्यावर लाल मुंग्यांचा एक गोळा तरंगत चाललेला त्यानं पाहिला आणि तिथून त्याला मुंग्यांचं वेड लागलं. पहिल्या पावसानंतर रस्त्यावरच्या दिव्यांखाली पडलेल्या राण्या गोळा करायच्या आणि काचेच्या ट्यूबमध्ये ठेवायच्या. काही ऑनलाइनही मागवल्या. गेल्या वर्षी तो इंजिनिअरिंगला पुण्याला गेला, तेव्हा सत्तावीस कॉलन्या, म्हणजे एकेका राणीचे संसार, आईच्या हवाली करून गेला. यंदा जूनच्या सुट्टीत आला आणि आणखी अकरा वाढवून गेला. बाईंचे रोज दीड-दोन तास त्यात जातात. यजमान म्हणतात, 'दिवसभर बाजारात मुंग्या हाकायच्या आणि रात्री घरात मुंग्यांचंच पुराण ऐकायचं?' सासूबाई म्हणतात, मुक्या जीवांना कोंडून ठेवू नये, पाप लागतं, रंकाळ्यावर सोडून या. मुलगा रोज रात्री नऊला फोन करून नंबरवार चौकशी करतो आणि बजावतो, 'आई, एकही कुणाला देऊ नकोस हं.' मध्यंतरी दोन कॉलन्या मेल्या. ते त्याला सांगायचा धीर झालेला नाही. त्या विचारतात, 'मुलाला दिलेला शब्द पाळू की घरातली शांतता सांभाळू? सोडून दिल्या तर मी वाईट आई ठरेन का?'

ताई, नमस्कार.

आधी त्या मेलेल्या दोन कॉलन्यांचं बोलू, कारण पत्रात सगळ्यात जास्त धास्ती तिथेच दिसते. एक राणी आठ-दहा दिवस मलूल होती आणि एका सकाळी पाय आखडून मेलेली दिसली. दुसऱ्या ट्यूबमध्ये बारक्या तांबड्या मुंग्या शिरल्या आणि आत काही उरलंच नाही. पहिली कुणाच्याही हातून गेली असती. पावसाच्या तोंडावर ज्या पंखवाल्या राण्या उडतात, त्यांतल्या बहुतेक पाली, बेडूक, पक्षी आणि दुसऱ्या मुंग्या यांच्या तोंडी जातात. जमिनीत शिरलेल्यांपैकीही थोड्याच तगतात. काहींचं नराशी मीलनच झालेलं नसतं, काहींना आधीच परजीवी लागलेले असतात. तुमचं पत्र आल्यावर मुंग्या पाळणाऱ्या दोघा-तिघांशी मी बोलले. अनुभवी माणसंसुद्धा डझनभर राण्या ठेवून त्यांतल्या निम्म्या जगल्या तरी खूश असतात.

दुसरी टाळता आली असती. पण तसं तुम्हाला कुणी सांगितलं होतं का? घरातल्या मोकळ्या मुंग्या ह्याच पाळलेल्या मुंग्यांच्या मोठ्या शत्रू. रॅकचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, आपल्या आज्या दुधातुपाच्या फडताळाचे ठेवायच्या तसे. रॅक भिंतीला टेकू देऊ नका, पडदा त्यावर लोळू देऊ नका. वाट्यांत भांड्याच्या साबणाचा एकेक थेंब टाका, नाहीतर त्यात डासांची पैदास होईल. आणि त्या खोलीत मुंग्यांचा विषारी खडू कुणी ओढत नाही ना, ते आधी बघा.

आता त्या दीड-दोन तासांकडे येते. तुम्ही रोज सगळ्या ट्यूब काढता, कापसाचा बोळा सैल करता, खाणं ठेवता, पुन्हा लावता. हे तुम्ही प्रेमानं करता आणि मला ते वाचून भरूनही आलं, पण मुंग्यांना ते नको आहे. गायीम्हशीसारखं सकाळ-संध्याकाळ वैरणपाणी त्यांना लागत नाही. ज्या राणीजवळ अजून एकही कामकरी मुंगी नाही, ती डोंगळ्याची असेल तर तिला खायलाच लागत नाही. उडून आली की ती पंख गाळते. उडायचे जे दणकट स्नायू आता बिनकामाचे झाले, ते अंगातच जिरवून त्या बळावर ती पहिली अंडी घालते, अळ्यांना भरवते, कोष होईपर्यंत जपते. महिना-दीड महिना हा उपास चालतो. या दिवसांत तिला अंधार आणि शांतता हवी. रोज उजेडात धरली, हलवली, तर बिचकलेली राणी स्वतःचीच अंडी खाऊन टाकते. (सगळ्याच जाती अशा नाहीत. सह्याद्रीत सापडणारी उड्या मारणारी हार्पेग्नाथोस मुंगी घ्या. तिची राणी सुरुवातीलाही स्वतः शिकारीला बाहेर पडते. अशी एखादी तुमच्याकडे असेल तर मुलानं ते लेबलवर लिहायला हवं होतं.)

तुम्ही जोडलेल्या यादीत छत्तीस नावं आहेत: नऊ एकट्या राण्या, एकवीस लहान कॉलन्या, सहा मोठ्या. नऊ राण्यांकडे पंधरा दिवसांतून एकदा नुसतं पाहा. पाणी संपत आलंय का, बोळ्याला बुरशी आली आहे का, बस. एकवीस लहानांना आठवड्यातून दोनदा साखरपाण्याचा थेंब आणि किड्याचा एखादा पाय पुरतो. सहा मोठ्यांना आठवड्यातून तीनदा. खाऊन उरलेलं दुसऱ्या दिवशी काढून टाकायचं, म्हणजे बुरशी धरत नाही. असं केलंत तर रोजचे दोन तास जाऊन आठवड्याचे दोन-अडीच तास राहतील आणि मुंग्याही जास्त सुखात राहतील. ट्यूब घाण झाली तर मुंग्या ओतून काढू नका. नवी ट्यूब तोंडाला तोंड लावून जोडा, नवी काळ्या कागदात गुंडाळा, जुनी उजेडात ठेवा. त्यांच्या सवडीनं, कधी रात्रीत तर कधी चार दिवसांनी, अंडी-अळ्या तोंडात धरून त्या आपणहून जातात. बघायचं असेल तेव्हा तांबडा जिलेटिन कागद लावून बघा, तांबडा उजेड त्यांना जवळजवळ दिसतच नाही.

खाण्याबद्दल तुम्ही विचारलंय, 'सोमवारी उपास असताना झुरळ मारायला जीव धजत नाही.' मारू नका. घरातलं झुरळ तसंही धोक्याचं, त्यानं आधी कुठे विष खाल्लं असेल सांगता येत नाही. मासे आणि पक्षी विकणाऱ्या दुकानांत त्यांच्या खाण्यासाठी पाळलेल्या अळ्या मिळतात. त्या आणून फ्रीझरमध्ये ठेवा आणि लागेल तसा तुकडा काढा. तेही नको असेल, तर उकडलेल्या अंड्याचा बलक टाचणीच्या डोक्याएवढा. रविवारी पांढऱ्या रश्शाला चिकन शिजवत असाल, तर मीठ-हळद लावायच्या आधी त्यातला नखभर तुकडा वेगळा उकडून घ्या. साखरपाणी एक चमचा साखरेला चार चमचे पाणी. घरचाच गूळ आहे म्हणून गुळाचं पाणी ठेवावंसं वाटेल, पण ते लवकर आंबतं.

हे सगळं सांगितलं खरं, पण यानं तुमचा प्रश्न सुटत नाही. कष्ट कमी होतील, छत्तीसचा आकडा तसाच राहील. पुढच्या मृगात तो पन्नासवर जाईल. तुम्ही गृहीत धरलं आहे की मुंग्यांवर प्रेम म्हणजे कॉलन्यांची संख्या. तुमच्या मुलानंही तेच धरलेलं दिसतं. दिव्याखाली राणी दिसली की उचलायची, हे त्याच्या वयाला साजेसं आहे. पण जमवणं वेगळं आणि सांभाळणं वेगळं. अडतीस ट्यूबवर नंबर घातले की माणूस हजेरी घेतो. त्याच वेळात दोन-तीन कॉलन्या समोर असत्या, तर त्यानं मुंग्या पाहिल्या असत्या. रोज पुण्यात बसून 'सतराला पाणी आहे का, तेवीसचे कोष किती' असं विचारणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं झालं. मुलगा गुणी आहे, यात शंका नाही. पण हौस त्याची आणि राबणूक तुमची, ही वाटणी ठरवली कुणी? तुमच्या पत्रात कुठेही तो 'आई, तुला जमतंय का' असं विचारल्याचं आलेलं नाही. मी पत्र दोनदा वाचलं.

आणि एक गोष्ट त्यानं तुम्हाला सांगितली नसावी. चार वर्षांची डिग्री झाली की सुटलो, असा तुमचा हिशोब दिसतो. कामकरी मुंग्या महिने-वर्षात मरतात, नव्या येतात, पण राणी राहते. डोंगळ्याची राणी दहा वर्षंही जगू शकते. एकोणिसाव्या शतकात लंडनला जॉन लबक नावाचे गृहस्थ होते, पेशानं बँकर आणि वर खासदार. बँकांना सुट्ट्या देणारा १८७१ चा ब्रिटिश कायदा त्यांनीच आणला. ती सुट्टी कशाला हवी होती ते त्यांच्या घरात कळत असेल, कारण तिथे काचेच्या पट्ट्यांमध्ये मुंग्या पाळलेल्या होत्या. त्यांची एक राणी जवळजवळ पंधरा वर्षं जगली. म्हणजे ताई, तुमच्याकडून मागितलेला शब्द एका सेमिस्टरचा नाही. राणी तितकी जगली, तर तोवर मुलगा पस्तिशीला पोचलेला असेल. एवढा लांबचा शब्द देताना तुम्हाला कुणी नीट सांगितलं नसेल, तर त्यावर फेरविचार करणं म्हणजे शब्द मोडणं नव्हे.

आता फोनबद्दल. तुम्ही लिहिता, 'मुंग्यांचं झालं की तो ठेवतो.' एकोणीस वर्षांच्या मुलाला होस्टेलमधून 'आई, करमत नाही गं' म्हणता येत नाही, तेवीस नंबरचे कोष मात्र विचारता येतात. आणि तुम्ही मुंग्या मेल्याचं लपवलं. रागावेल म्हणून, असं तुम्ही म्हणता. मला अशी शंका येते की मुंग्या कमी झाल्या तर फोनही आखडेल, अशी धास्ती कुठेतरी आहे. मी चुकत असेन तर हे सोडून द्या. बरोबर असेन, तर आजच्या फोनवर त्या दोन कॉलन्यांचं सरळ सांगा. 'दोन गेल्या. एक आपोआप, एक बारक्या मुंग्यांनी लुटली. मी रॅकचे पाय पाण्यात ठेवलेत.' एवढंच, माफी मागायची नाही. तो हळहळेल, कदाचित चिडेल, आणि मग बहुतेक स्वतःच्या हातून मेलेल्या राण्यांचं सांगायला लागेल. त्या त्यानंही तुमच्यापासून लपवलेल्या असणार.

तुमच्या पत्रात अडीच पानं तक्रार आहे आणि अर्धं पान वेगळं आहे. त्या अर्ध्या पानावर मी थबकले. रात्री सगळे झोपल्यावर तुम्ही मोठ्या डोंगळ्यांच्या कॉलनीत पाहिलंत: एक कामकरी मुंगी कोषाच्या टोकाशी बसून तो कुरतडत होती, दुसरी येऊन फट रुंदावत होती. मग आतून मधाच्या रंगाची, मऊ, पाय दुमडलेली मुंगी दोघींनी ओढून काढली आणि तिला चाटत बसल्या. तुम्ही लिहिलंत, 'अर्धा तास कसा गेला कळलं नाही, गॅसवर दूध होतं ते उतू गेलं.' कोषातून निघालेली मुंगी सुरुवातीला अशीच फिकी असते. काही दिवसांत कवच कडक होतं आणि रंग चढत जातो, तोवर ती बाहेर जात नाही, आतच पिल्लं सांभाळते. पुष्कळदा तिला कोष स्वतः फोडता येत नाही, बहिणी लागतात. हे पाहणारी बाई मुंग्यांना कंटाळलेली नाही. म्हणून 'मुलाच्या मुंग्या' हा शब्दप्रयोग निदान त्या एका कॉलनीपुरता सोडून द्या. ती तुमची. तिचं काय करायचं, ते तुम्ही ठरवा.

सासूबाईंचा मुद्दा सोपा नाही, आणि 'म्हाताऱ्या माणसांचं काय' म्हणून तो उडवून लावू नका. रोज तुळशीपाशी मुंग्यांना साखर-पीठ घालणाऱ्या बाईला काचेतल्या मुंग्या पाहवत नसतील, तर तिच्या बाजूनंही बोलण्यासारखं आहे. पण रंकाळ्यावर सोडून देण्यात पुण्य आहे, हे मात्र त्यांना कुणीतरी समजावून सांगायला हवं. तिथली जमीन मोकळी नसते. प्रत्येक हाताएवढ्या मातीवर कुणाची तरी वसाहत आहे, आणि पाच-दहा कामकऱ्यांसह सोडलेली राणी संध्याकाळपर्यंत त्यांच्या तोंडी जाते. सोडायचंच असेल तर मोठी, शेकड्यानं मुंग्या असलेली स्थानिक कॉलनी, जिथून राणी आणली त्याच भागात, ओल्या भुसभुशीत जमिनीत, पहाटे किंवा सांजेला. जगेल याची हमी तरीही नाही.

ऑनलाइन मागवलेल्या मात्र काही झालं तरी बाहेर सोडायच्या नाहीत. त्या कुठल्या मातीतल्या, हे विकणाऱ्यालाही नीट ठाऊक नसतं. आपल्याकडे सर्रास डसणाऱ्या लाल मुंग्यांतली एक जात, सोलेनॉप्सिस जेमिनाटा, मुळात अमेरिका खंडातली. माणसाच्या सामानसुमानातून ती जगभर पसरली. हिंदी महासागरातल्या ख्रिसमस बेटावर बाहेरून आलेल्या 'यलो क्रेझी' नावाच्या पिवळ्या मुंग्यांनी तिथले लाल खेकडे लाखोंनी मारले आहेत. तेव्हा त्या ट्यूब एक तर कुणीतरी जबाबदारीनं सांभाळायच्या, नाहीतर राणी वारेपर्यंत घरातच राहू द्यायच्या. अगदीच निरुपाय झाला तर रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवणं हा पाळणाऱ्यांचा रिवाज आहे. सासूबाईंना ते पटणार नाही, आणि मी त्यांना पटवायला येणार नाही.

मुलाला यापुढे ऑनलाइन खरेदी बंद, हे मात्र ठणकावून सांगा. २०२५ च्या मे महिन्यात केनियातल्या कोर्टानं चौघांना दंड केला, त्यांतले दोघे अठरा-एकोणीस वर्षांचे. हे दोघे जवळपास पाच हजार राण्या कापसाचे बोळे लावलेल्या नळ्यांत भरून देशाबाहेर न्यायच्या बेतात होते. त्यांनाही हौसच होती. आपल्याकडेही राधानगरीसारख्या अभयारण्यातून काहीही उचलून आणायचं नाही, मुंगीसुद्धा नाही.

मग अडतीसच्या छत्तीस झालेल्या कॉलन्यांचं काय करायचं? सगळ्या ठेवा किंवा सगळ्या सोडा, या दोन टोकांवर तुम्ही अडकला आहात, म्हणून वाईट आई ठरण्याची वेळ आली आहे. मी तुमच्या जागी असते तर तीन ठेवल्या असत्या. एक तुमची, दोन त्यानं निवडलेल्या. बाकीच्यांची व्यवस्था त्यानं दिवाळीच्या सुट्टीत स्वतः लावायची. शाळेतल्या किंवा ज्युनिअर कॉलेजच्या जीवशास्त्राच्या शिक्षकांना एखादी सांभाळता येण्यासारखी कॉलनी, सोबत खाण्यापिण्याचा कागद लिहून देता येते. शिवाजी विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकणारी मुलं आहेत, त्यांना विचारता येईल. दोन-चार तो पुण्यालाही नेऊ शकतो. होस्टेलमध्ये चालत नाही म्हणाला, तर जे त्याच्या खोलीत चालत नाही ते तुमच्या घरात किती चालावं, हाही प्रश्न त्याला विचारा. ज्या एकट्या राण्या जूनमध्ये आणल्या आणि अजून त्यांच्यापाशी एकही कामकरी नाही, त्यांच्याकडून आता फारशी आशा धरू नका. त्या आहेत तोवर अंधारात निवांत राहू द्या.

हे बोलणं दिवाळीला तो दारात आल्यावर काढू नका, आधी फोनवरच सांगा. आल्या दिवशी फराळाच्या ताटावर हा विषय निघाला तर यजमान एका बाजूनं आणि मुलगा दुसऱ्या बाजूनं बोलतील, आणि मध्ये तुम्ही. शिवाय पुढच्या पावसाचं आत्ताच ठरवा: नवी राणी आणायची तर जुनी एक कुणाला तरी दिल्यावरच.

यजमानांबद्दल फार लिहीत नाही, कारण त्यांचं म्हणणं मला बरंचसं पटतं. गुळाच्या सीझनमध्ये दिवसभर ढेपांवरच्या मुंग्या झाडून आलेल्या माणसाला घरी त्या नकोशा होणारच. त्यांना एकच गोष्ट दाखवा. मोठ्या बॉक्सच्या कडेला आतून खोबरेल तेलाचा किंवा व्हॅसलीनचा पातळ पट्टा फिरवला की मुंग्या तो ओलांडत नाहीत. उन्हाळ्यात तो पातळ होऊन ओघळतो, तेव्हा दर आठवड्याला बघावा लागतो. ते काम त्यांच्याकडे द्या. मार्केट यार्डात उमेदवारी केलेल्या माणसाइतका मुंग्यांचा अंदाज घरात दुसऱ्या कुणाला नसणार.

तळटीपेत तुम्ही लिहिलंय की डास फार झालेत म्हणून त्या खोलीत रात्री डासांचं मशीन लावता. ताई, ते आजच काढा. डास मारणारं औषध मुंग्यांनाही मारतं. खिडकीला जाळी बसवून घ्या.